आज किती वाढला?

गॅलरीच्या भिंतीला रंग द्यायचा होता. रंगारीदादांनी जुने पोपडे खरवडले, भेगांत लांबी भरली आणि पॉलिश पेपर घेऊन कोपऱ्याकडे वळले, तिथे मात्र थबकले. "ताई, इथं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय. मुलांची उंची दिसतेय. घासू का ठेवू?" मी हातातलं काम टाकून गेले. जमिनीपासून हातभर उंचीवर पहिली आडवी रेघ, तिच्यावर दुसरी, आणि मग अंतर वाढवत वाढवत माझ्या डोक्याच्याही वर गेलेल्या रेघा. प्रत्येकीशेजारी बारीक अक्षरात तारीख. २६ एप्रिल. २८ एप्रिल. ३ मे. साल लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. "मुलांची नाही," मी म्हटलं, "वेलाची आहे." ते काही बोलले नाहीत, पण पॉलिश पेपर तसाच हातात धरून उभे राहिले, कारण त्यांना हवं होतं ते उत्तर मी दिलंच नव्हतं. शेवटी म्हटलं, "दादा, तेवढा कोपरा आज राहू द्या." त्यांनी दुसरी बाजू घ्यायला सुरुवात केली. मला मात्र संध्याकाळपर्यंत कळेना की मी त्यांना थांबवलं कशासाठी. भिंत नवी व्हावी हे मलाच हवं होतं. आणि त्या दिवसांतलं काही जपून ठेवावं असं मला कधी वाटलेलं नाही. मास्कची उरलेली खोकी, ऑक्सिमीटर, सॅनिटायझरच्या बाटल्या, सगळं मी पहिल्या संधीला घराबाहेर काढलं होतं. मग या रेघांनी काय अडवलं?

कोविडच्या त्या टाळेबंदीत घरी बसलेल्या माणसांनी काय काय करायला घेतलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कुणी कपाटं रंगवली, कुणी गच्चीवर वाफे केले, कुणी वर्षानुवर्षं टपटपणारा नळ उघडून त्याचा वायसर बदलला. अमेरिकेतली बर्पी ही बियाण्यांची कंपनी १८७६ सालची. तिनं सांगितलं की मार्च २०२० मध्ये जेवढं बियाणं विकलं गेलं तेवढं १४४ वर्षांत एकाही महिन्यात विकलं गेलं नव्हतं. यावर तेव्हा बरंच लिहून आलं आणि बहुतेकांनी कारण एकच दिलं, की माणसाला अन्नाची धास्ती वाटली की तो माती उकरतो. दाखला दुसऱ्या महायुद्धाचा. तेव्हा अमेरिकेत सुमारे दोन कोटी घरबागा होत्या आणि देशाच्या भाजीपाल्यातला मोठा वाटा त्यांतून आला. मला तो दाखला आमच्या गॅलऱ्यांना लागू पडतो असं वाटत नाही. ज्यांनी एका कुंडीत चार दाणे टोचले, त्यांना त्यातून जेवण निघणार नाही हे ठाऊक होतं. तरी ते सकाळी उठून चहाच्या आधी कुंडीपाशी जात होते. पोटाची भीती असती तर त्यांनी बरण्या मोजल्या असत्या.

माझा वेल तर बियाण्याच्या पाकिटातलाही नव्हता. स्वयंपाकघरातल्या बरणीतला घेवड्याचा दाणा होता तो. कुंडी रिकामी पडली होती, तिच्यातलं रोप आधीच्या हिवाळ्यात गेलं होतं, आणि माती वर कडक होऊन कडेपासून सुटली होती. ती हातानं फोडताना जो वास आला तो मला अजून आठवतो; कोरड्या मातीवर पाणी पडल्यावर येतो तोच, पण खाली कुठेतरी मुळांचा जरासा आंबूस वास मिसळलेला. कितीतरी दिवसांत नाकाशी साबण आणि जंतुनाशकाखेरीज दुसरं काही आलं नव्हतं. बोटाच्या दोन पेरांइतकं खोल भोक पाडलं, दाणा टाकला, माती लोटली. काही दिवस काहीच दिसलं नाही. मग एका सकाळी मातीला तडा गेलेला, आणि तड्यातून एक पांढुरकी कमान वर आलेली. घेवड्याचा अंकुर टोक वर करून येत नाही. तो पाठ वाकवून येतो, आधी वाकलेला देठ बाहेर काढतो आणि मग त्याच्या जोरावर दाण्याच्या दोन्ही फाका मातीतून ओढून घेतो. कोवळी टोकं खड्यांना घासू नयेत म्हणून ही सोय. उजेड लागला की कमान सरळ होते. दुपारपर्यंत ती सरळ झाली होती आणि फाकांच्या मध्ये दोन चुरगळलेली पानं दिसत होती. पुढच्या आठवड्यात पानं पसरत गेली आणि त्या जाड फाका सुकत, सुरकुतत गळून पडल्या. त्यांच्यात साठवलेलं सगळं वेलानं खाऊन संपवलं होतं.

या वेलाचा फोटो मी सहज एका मैत्रिणीला पाठवला. ती परिचारिका आहे, तेव्हा कोविड वॉर्डात होती. आमचं बोलणं त्या दिवसांत फार अवघड झालं होतं. ती पाळी संपवून घरी यायची, घरातही वेगळ्या खोलीत राहायची, आणि फोन केला की मला प्रश्नच सुचायचे नाहीत. "कशी आहेस?" हे विचारायची सोय नव्हती. "आज किती?" हे विचारवत नव्हतं. तिनं मला विचारलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. मी घरी होते, सुरक्षित होते, आणि दिवसभर काय केलं हे तिच्यापुढे उच्चारायलाही जड जात होतं. त्या फोटोला मात्र तिचं लगेच उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी संपल्यावर, बहुतेक अंगावरचा तो प्लास्टिकचा पोशाख उतरवल्या उतरवल्या, तिनंच विचारलं.

आज किती वाढला?

मी मोजलंच नव्हतं. मोजपट्टी शोधली, भिंतीला लावली, रेघ मारली आणि तिला आकडा कळवला. तिथून ते सुरू झालं. ती रोज विचारायची असं नाही, कधी दोन दिवस काहीच यायचं नाही आणि मला झोप लागायची नाही. पण विचारायची तेव्हा हेच विचारायची, आणि तिला ढोबळ उत्तर चालायचं नाही. "बराच वाढला" म्हटलं की लिहायची, "नीट सांग." त्या वेळी कुणालाच कशाचं नीट सांगता येत नव्हतं. हे कधी संपणार, रुग्ण वाचेल का, लस येईल का, हा खोकला साधा की तो. रोज संध्याकाळी बातम्यांत आकडे यायचे आणि ते ऐकून आपण काहीच करू शकत नव्हतो. या आकड्याचं तसं नव्हतं. तो लहान होता, खरा होता आणि कुणाच्याही मरणाचा नव्हता. मला आता वाटतं की घरोघरी जे करायला घेतलं गेलं त्याच्या मुळाशी हेच होतं. आपण काही केलं आणि त्याचं काही झालं, एवढा सरळ हिशोब बाहेरच्या जगातून नाहीसा झाला होता. तो कुंडीत मिळत होता, रंगवलेल्या खुर्चीत मिळत होता.

वेल दोराला लागला तसा मी त्याच्याकडे बघण्यात वेळ घालवू लागले, आणि घेवड्याचा वेल बसून बघण्यासारखा असतो हे मला तेव्हा कळलं. त्याचं टोक हवेत गोल फिरतं, आधार शोधत. चार्ल्स डार्विननं हे आजारपणात पाहिलं होतं. १८६०च्या दशकात तो दिवसरात्र एका खोलीत अडकून पडला होता, त्याच उबदार खोलीत हॉपच्या वेलाची कुंडी ठेवून त्यानं टोकाचा एकेक फेरा घड्याळ लावून टिपला. हवा गरम असताना, दिवसा, सरासरी एका फेऱ्याला २ तास ८ मिनिटं, असं त्यानं नोंदवलं. घेवड्याचीही वेळ त्यानं घेतली, तीही दोन तासांच्या आसपासच. लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १८६५ मध्ये हे सगळं छापून आलं. हॉप वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वळतो आणि घेवडा उलट. मी एकदा सुटलेलं टोक दोराला गुंडाळताना दुसऱ्या बाजूनं फिरवलं. संध्याकाळपर्यंत त्यानं स्वतःला सोडवून घेतलं आणि आपल्याच बाजूनं पुन्हा चढायला लागला. खोलीबाहेर पडता येत नसलेला माणूस आणि कुंडीतून निघता येत नसलेला वेल यांनी एकमेकांकडे बघत दिवस काढले, आणि त्यातून विज्ञानात भर पडली. माझ्या बघण्यातून कशातही भर पडली नाही. पण बघणं तेच होतं.

रात्रीचे फोटो तिला वेगळे दिसायचे. तिची रात्रपाळी असली की मी मुद्दाम झोपण्यापूर्वी एक पाठवायचे. घेवड्याची पानं दिवसा आडवी पसरलेली असतात आणि अंधार पडला की देठापासून खाली लोंबतात. तिनं विचारलं, "पाणी कमी पडलं का गं?" मी सांगितलं की तो झोपलाय. ही झोप केवळ अंधारामुळे येत नाही. फ्रान्समध्ये १७२९ साली द मेराँ यांनी पानं मिटणारं एक झाड काळोख्या जागी ठेवलं, तर तिथेही ते सकाळ झाली की पानं उघडत राहिलं आणि संध्याकाळी मिटत राहिलं. पुढे विसाव्या शतकात एर्विन ब्युनिंग यांनी घेवड्याच्याच पानांवर काम करून दाखवलं की दिवसाची ही लय झाडाच्या आतली असते आणि बीजातून पुढच्या पिढीत उतरते. आमच्या घरात तेव्हा वारांचा पत्ता राहिला नव्हता. रविवार आणि बुधवार यांत काही फरक उरला नव्हता. तिचे तर दिवस आणि रात्रही एकमेकांत शिरले होते. त्या वेलाला मात्र संध्याकाळ कळत होती.

बाबा तेव्हा आमच्याकडेच होते. त्यांना बाहेर जायची पूर्ण बंदी होती, आणि ती त्यांना फार लागली होती, जरी ते बोलून दाखवत नसत. एक दिवस त्यांनी माळ्यावरून हत्यारांची पेटी काढायला लावली. रंधा, पटाशी, कानस, दोन पाने, पेचकस, सगळं कापडात गुंडाळलेलं, कापडाला जुन्या तेलाचा वास. त्यांनी आधी कपाटाच्या बिजागऱ्या घेतल्या. स्क्रू नुसते फिरत होते, लाकडात धरत नव्हते. बाबांनी काड्यापेटीतल्या काड्यांचं गूल तोडून त्या सरसात बुडवल्या, भोकात ठोकल्या, वाळू दिल्या आणि मग त्याच जागी स्क्रू पिळला. घट्ट बसला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मी बऱ्याच महिन्यांनी पाहत होते. मग दार. ते खालून अडत होतं, मी म्हटलं रंधा मारून टाकू. ते म्हणाले, "आत्ता नको. हवा दमट आहे. लाकूड रेषेला आडवं फुगतं, लांबीत नाही. आत्ता काढशील आणि कोरड्या दिवसांत फट पडेल." त्यांनी अडणाऱ्या जागी पेन्सिलीनं खूण केली आणि दार तसंच ठेवलं. मला ते दार रोज अडायचं आणि रोज वाटायचं, बाबांनी किती सहज पुढच्या ऋतूचा विचार केला. आम्ही सगळे तेव्हा पुढचा ऋतू हे शब्दच टाळत होतो.

बाबांच्या कानशीचा आवाज सगळ्या मजल्यावर ऐकू जायचा, इतकी शांतता होती. ती शांतता जमिनीच्या आतही पोचली होती म्हणे. माणसांच्या हालचालींनी, वाहनांनी, कारखान्यांनी जमिनीला जो अखंड बारीक थरथराट असतो तो २०२० मध्ये काही ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरला. भूकंपमापकांच्या नोंदींवरून काढलेला हा निष्कर्ष त्याच वर्षी जुलैत 'सायन्स' नियतकालिकात आला. मला ती शांतता आवडत होती. हे लिहिताना अजूनही थोडं चाचरते. पहाटे पक्षी ऐकू येत होते, हातात माती होती, बाबा शेजारच्या खोलीत काही ठोकत होते, आणि असं आयुष्य मला आधी कधी मिळालं नव्हतं. त्याच पहाटे माझी मैत्रीण कुणाचा तरी हात सोडून घरी निघालेली असायची. या दोन गोष्टी मला कधी एकत्र ठेवता आल्या नाहीत. अजून येत नाहीत. घरी राहा हे सांगणं सोपं होतं कारण काहींना घर होतं, त्यात गॅलरी होती, आणि ज्यांचं काम घरून होत नव्हतं ते ते करत होते म्हणून बाकीच्यांना घरी राहता येत होतं. खुरपं हातात घेतलं की हे मनात यायचं. खाली ठेवलं तरी जायचं नाही.

एकदा तिनं सांगितलं की तिच्या वॉर्डाच्या खिडक्या बंद ठेवल्या आहेत आणि काचेतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. मला रॉजर उलरिक यांचं १९८४ मधलं संशोधन आठवलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. हा अभ्यास रुग्णांचा होता. काम करणाऱ्यांना काय दिसतं हे त्यात नव्हतं. मी तिला यातलं काही सांगितलं नाही. फक्त तेव्हापासून फोटो जवळून काढायला लागले, पानाच्या शिरा दिसतील इतक्या जवळून, म्हणजे फोनच्या पडद्यावर पानाखेरीज दुसरं काही राहणार नाही.

कुंडीला खत हवं म्हणून कचऱ्याची बादलीही सुरू केली होती. तिच्याबद्दल एवढंच सांगते की ओल्या सालींवर सुका पालापाचोळा भरपूर घातला तर वास येत नाही. कर्बाचे २५ ते ३० भाग आणि नत्राचा एक, हे प्रमाण जमलं की कुजणं सुरळीत चालतं, आणि साली म्हणजे नत्र, वाळकी पानं म्हणजे कर्ब. पुस्तकांत खत तापतं असं वाचून मी रोज हात घालून पाहायचे. ते तापलं नाही. ढीग निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच असावा लागतो, तेव्हाच आतली उष्णता आत राहते. बादलीतलं खत थंडपणे, बुरशीच्या आणि गांडुळांच्या गतीनं होतं. झालं तेव्हा बाहेर निर्बंध बरेच उठले होते.

त्या वर्षी अमेरिकेत, मिशिगनमधल्या एका विद्यापीठात, एक बाटली उकरायची होती. विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ मध्ये २० बाटल्या पुरून ठेवल्या, प्रत्येकीत २१ जातींच्या पन्नास पन्नास बिया, वाळूत मिसळलेल्या. बी जमिनीत किती वर्षं जिवंत राहतं हे त्याला पाहायचं होतं. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि पेरायची, तीही रात्री, कारण उजेडाचा किरण लागला तरी काही बिया जाग्या होतात. १४० वर्षं झाली आणि २०२० साली पाळी आली, तर विद्यापीठ बंद. बाटली एक वर्ष तशीच राहिली. एप्रिल २०२१ मध्ये ती काढली, आणि २० बिया उगवल्या. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे. ज्यांनी ती बाटली काढली त्यांच्यातलं कुणीही शेवटची बघणार नाही. ही गोष्ट मला त्या सगळ्या वर्षातली सर्वांत धीर देणारी वाटते, लशीच्या बातमीइतकीच. एक वर्ष थांबायला लागलं तर थांबले. जमिनीखाली काही बिघडलं नाही.

आमचा वेल छताला लागला, परत खाली वळला, फुलला, शेंगा धरल्या आणि पिवळा पडला. तेव्हा बाबा घरी गेले होते, मी कामावर जायला लागले होते, आणि कुंड्यांपैकी निम्म्या परत कोरड्या पडायला लागल्या होत्या. हे घरोघरी झालं. हौस खरी नव्हती, नाइलाज होता, असं लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. आजाऱ्याच्या उशाशी आपण रात्र रात्र बसतो आणि तो बरा झाला की उठून कामाला लागतो, म्हणून ते बसणं खोटं ठरत नाही.

रंगाच्या त्या संध्याकाळी मी मैत्रिणीला फोन केला. रेघांचं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती आणि मग म्हणाली, "कसला वेल गं?" मी तारखा वाचून दाखवल्या. पानं झोपतात तो फोटो, पाणी कमी पडलं का म्हणून तू विचारलंस ते. तिला काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. त्या तीन-चार महिन्यांतलं तिला फार थोडं आठवतं, आणि जे आठवतं त्याबद्दल ती बोलत नाही. मला आधी वाईट वाटलं. आत कुठेतरी मी धरून चालले होते की त्या वेलानं तिला काही दिलं असेल. मग ती म्हणाली, "पण मी रोज विचारायचे ना? म्हणजे मला हवं असणार ते." आणि थोड्या वेळानं, "पुसून टाक भिंत. तुला रंग द्यायचाय ना?" दुसऱ्या दिवशी मी दादांना घासायला सांगितलं. त्यांनी एकदा विचारून खात्री करून घेतली.

फोन ठेवण्याआधी तिनं विचारलं होतं, बी आहे का. आहे. घेवड्याचं फूल उमलण्यापूर्वीच आपल्याच परागांनी फळतं, त्यामुळे सहसा वाण बदलत नाही. दरवर्षी दोन-चार दाणे लावत आले, तर आत्ता बरणीत आहेत ते त्याच वेलाचे. तिच्या नव्या घराला लहानसा कठडा आहे, सकाळचं ऊन येतं म्हणाली. मी तिला सांगितलं, भिजवायची गरज नाही, दोन पेरं खोल टोच, अंकुर दिसेपर्यंत पाणी बेतानं घाल, आणि दोर पहिल्या दिवशीच बांधून ठेव. नंतर बांधायला गेलीस तर तो तोवर कठड्याच्या गजाला धरलेला असेल आणि सोडवताना टोक मोडतं. तिनं लिहून घेतलं. दोर सुतळीचा चालेल का नायलॉनचा, असं विचारलं. मी म्हटलं सुतळीचा घे. खडबडीत असतो, त्याला पकड मिळते.